दाब, धर, सोड

२१ जानेवारी १९७३, रविवार. गार्डन रीच

आज विमान नापास झालं. अगदी लाल शेरा नाही, पण 'पुन्हा बसा' म्हणतात ना, तसं.

हवाई खात्याचे इन्स्पेक्टर सकाळी बेहालाला आले. भवतोषबाबूंच्या शेडमध्ये वाकून शिरले, विमानाभोवती दोन फेऱ्या मारल्या, पंखाचं कापड बोटाने वाजवून पाहिलं, टाके जवळून पाहिले आणि "हे कोणी शिवलं?" असं विचारून मान डोलावली. मग चाकांपाशी उकिडवे बसले आणि तिथे गाडं अडलं. आमचे ब्रेक स्कूटरचे, तारेने ओढायचे. दोन माणसांच्या विमानाला असले ब्रेक चालायचे नाहीत, हायड्रॉलिक बसवा, म्हणाले. बेहालाच्या धावपट्टीच्या टोकाला काय आहे ते माहीत आहे ना, असंही विचारलं. माहीत आहे. पुकूर आहे. पुकूर म्हणजे तळं, आणि त्यात म्हशी बसतात.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ते पुन्हा येणार. तो मुहूर्त हुकला तर थेट दिवाळीनंतर, कारण पावसाळ्यात मैदानाचाच पुकूर होतो. आणि माझी कलकत्त्यातली मुदत जूनमध्ये भरते आहे. बदली झाली की मी कुठे आणि विमान कुठे. एप्रिलमध्ये पास झालं नाही, तर ते भवतोषबाबूंच्या कोंबड्यांना बसायला उपयोगी पडेल, एवढंच.

भवतोषबाबूंचा चेहरा पाहवेना. हे होमिओपॅथीचे डॉक्टर आणि विमानातले माझे निम्मे भागीदार. तीन वर्षांपूर्वी मी परदेशातून विमान बांधायचे नकाशे मागवले, तेव्हा "जायगा आमार, माथा आपनार", जागा माझी, डोकं तुमचं, म्हणून त्यांनी आपली शेड मोकळी करून दिली होती. मी मात्र खचलो नाही. ब्रेक हाच माझा विषय. रेल्वेत सतरा वर्षं मी डब्यांच्या ब्रेकवर काढली. आख्खी मेल गाडी थांबवणाऱ्याला हे टीचभर विमान काय जड आहे?

घरी येऊन कालिंदीला सगळं सांगितलं. पंखांचं, शेपटीचं, सगळं कापड तिने शिवलं आहे. दोन हिवाळे बसने बेहालाला येऊन, शेडमध्ये पाट टाकून, वीतभर सुईने तिने ते टाके घातले. इन्स्पेक्टर टाके बघून खूश झाले, हे तिला सांगायचं ब्रेकच्या गडबडीत राहूनच गेलं. उद्या सांगेन. तिने एकच विचारलं, "माझ्या बाजूलाही पेडल येणार का?" मी म्हटलं, त्या बाजूला कशाला, एकाने दाबलं की पुरे. "बरं," म्हणाली.

४ फेब्रुवारी, रविवार

मल्लिकबाजारात सकाळ घालवली. जुन्या मोटारीतले दोन छोटे मास्टर सिलिंडर मिळाले, अगदी हवे तसे. पेडल दाबलं की सिलिंडरमधलं तेल तांब्याच्या नळीतून चाकापर्यंत जाणार आणि तिथला ब्रेक आवळणार. रेल्वेचे ब्रेक हवेवर चालतात. इथे उलटं. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पेडल गादीसारखं दबतं आणि चाक मात्र मजेत फिरत राहतं. म्हणजे जिच्या जिवावर मी सतरा वर्षं पगार घेतला, तीच हवा आता शत्रू झाली. मौज वाटली.

११ फेब्रुवारी, रविवार

आज घरी मंडळी जमली होती. इथल्या महाराष्ट्र मंडळातली तीन कुटुंबं आणि खास पाहुणे म्हणजे आमच्या ऑफिसचे चीफ, नाडकर्णीसाहेब. कालिंदीने मटार-करंज्या केल्या. कालच्या संध्याकाळपासून खपत होती. करंज्या उत्तम झाल्या होत्या.

खाणं झाल्यावर मी सर्वांसमोर जाहीर केलं, विमान पास झालं की त्यातल्या दुसऱ्या सीटचा पहिला मान नाडकर्णीसाहेबांचा. बदल्यांची यादी साहेबांच्या टेबलावरून जाते, हे काही मी बोललो नाही, पण सुज्ञांस सांगणे न लगे. साहेबांना इतका आनंद झाला, की त्यांना दरदरून घाम फुटला. रुमालाने मान पुसत म्हणाले, "अहो सबनीस, घरचं माणूस असताना मला कशाला?" किती विनय म्हणायचा. मी म्हटलं, "साहेब, घरचं माणूस बसवलं तर ब्रेकची गरजच उरणार नाही. विमान जागचं हलायचंच नाही."

सगळे खो खो हसले. मला क्वचितच असं ऐनवेळी सुचतं. कालिंदी तर हसता हसता उठून चहा टाकायला आत गेली. खरं म्हणजे सगळ्यांच्या हातात चहा होता, पण पाहुण्यांच्या बाबतीत तिचं तसंच आहे.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

कालिंदी हल्ली बरेच उपवास धरते. सोमवार होताच, आता गुरुवार, शनिवारही. शिवाय रात्री भात बंद. चाळिशीनंतर माणूस धार्मिक होतो म्हणतात ते खोटं नाही. मी तिला म्हटलं, चांगलं आहे, प्रकृतीलाही बरं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या पानात अजून एक पोळी वाढली. मला नको होती.

बेहालाला यायला तिला वेळ नाही म्हणते. शिवण संपलेलंच आहे, तेव्हा अडत काही नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार

आज नळ्यांतली हवा काढायचा पहिला प्रयोग, आणि फजिती.

या कामाला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबायचं आणि दाबून धरायचं. दुसऱ्याने चाकाशी आडवं पडून मागचा स्क्रू सैल करायचा, म्हणजे तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येतात. स्क्रू आवळला, की मगच पहिल्याने पाय सोडायचा. आधी सोडला तर बाहेरची हवा पुन्हा आत. तीन शब्दांचं काम: दाब, धर, सोड.

भवतोषबाबू आत बसले, मी खाली. मी ओरडलो, "दाब!" वरून शांतता. मग त्यांनी खाली वाकून अदबीने विचारलं, "डाब? एखोन?" बंगालीत डाब म्हणजे शहाळं, एखोन म्हणजे आत्ता. त्यांना वाटलं, मला तहान लागली. खरोखरच शहाळी मागवली. ती पिऊन पुन्हा सुरुवात. 'धर' दोन्ही भाषांत एकच, तिथे अडलं नाही. 'सोड' म्हटल्यावर मात्र ते सीटवरून पलीकडे सरकले, कारण त्यांनी 'शोर' ऐकलं आणि शोर म्हणजे बाजूला हो. पाय सुटला, नळीत फुर्रकन हवा शिरली आणि माझ्या तोंडावर तेल उडालं.

शेवटी इंग्रजीवर आलो. तरी भवतोषबाबू मनाने हळवे. मी खालून कण्हलो की त्यांना राहवत नाही आणि ते पाय उचलतात. संध्याकाळपर्यंत पेडल गादीसारखं ते गादीसारखंच.

२५ फेब्रुवारी, रविवार

देवाने हात दिला. दमदमला एक ओळखीचे आहेत, त्यांनी विमानाच्या ब्रेकचं खास तेल डबाभर दिलं. लालचुटुक, पातळ, डाळिंबाच्या रसासारखं. मी मल्लिकबाजारातलं मोटारीचं तेल सगळं ओतून दिलं आणि हे भरलं. विमानाला विमानाचंच तेल. उगाच काटकसर करायला ही काही बैलगाडी नाही.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवण्यासारखी झाली. भवतोषबाबूंची पत्नी परवा आमच्याकडे येऊन गेली होती. त्यावरून आज नळ्या पुसता पुसता ते जरा गंभीर होऊन म्हणाले, "शॉबनीशबाबू, बौदीर खूब अभिमान होयेछे. आपनार ओपोर." बौदी म्हणजे वहिनी, आपली कालिंदी. तिला माझा खूप अभिमान वाटतो, असं ती परक्या बाईजवळ बोलली! बंगालीत आपले किती शब्द जसेच्या तसे आहेत. मला एकदम भरून आलं. त्यांना म्हटलं, मला कल्पना आहे, असायचाच. ते जरा चमकले. म्हणाले, "जानेन? ताहोले किछू कोरून." माहीत आहे तर मग काहीतरी करा. मी म्हटलं, करतोच आहे, हे काय, ब्रेक बसवतो आहे.

आता उलगडा झाला. अभिमान इतका, की तिला तोंडाने बोलवत नाही. खरोखरच हल्ली ती माझ्याशी फारसं बोलतच नाही.

४ मार्च, रविवार

सकाळी पेडल दाबून पाहिलं तर दगड! गादी गेली, कशी गेली कुणास ठाऊक, पण पाय ठेवला की जागच्या जागी घट्ट. मी भवतोषबाबूंना मिठी मारली. त्यांनी संदेश नावाची इथली मिठाई मागवली, शेजारचे चारजण गोळा झाले. विमान अंगणात काढून सगळ्यांना दाखवावं म्हणून आम्ही ढकललं. हलेना. सहाजणांनी ढकललं. हलेना. ब्रेक इतके उत्तम लागले होते, की सुटायलाच तयार नव्हते.

शेजाऱ्यांतला एक जाताना म्हणाला, विमान फारच सुरक्षित झालं आहे. संदेश मात्र सगळे संपवून गेले.

८ मार्च, गुरुवार

रविवारीच सिलिंडर घरी आणून खोलला. आतले रबराचे वॉशर फुगून टम्म झाले आहेत. तेल परत जायची वाट त्यांनीच अडवली, म्हणून ब्रेक सुटत नव्हता. पण का फुगले? खात्री करायला दोन कोरे वॉशर घेतले. एक चहाच्या ग्लासात लाल तेलात बुडवला, दुसरा दुसऱ्या ग्लासात मोटारीच्या तेलात, आणि दोन्ही ग्लास स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून दिले. चार दिवसांत मोटारीच्या तेलातला होता तसा राहिला. लाल तेलातला भजं फुगावं तसा फुगला.

कालिंदीने ग्लास पाहिले. ग्लासांवरून काही बोलली नाही, याचंच मला आश्चर्य वाटलं. मी तिला समजावून सांगितलं, की तेल अगदी उंची आहे, विमानाचं आहे, यात तेलाचा काही दोष नाही. ती म्हणाली, "तेल चांगलंच असेल हो. पण त्या रबराला काय चालतं ते त्याला कोणी विचारलं होतं का?"

मी हसलो. रबराला कसं विचारणार? पण तांत्रिकदृष्ट्या तिचा मुद्दा बरोबर होता. मोटारीच्या रबराला मोटारीचंच तेल हवं. नवे वॉशर आणायचे, सगळं धुवायचं आणि पुन्हा हवा काढायची. महिनाच उरला आहे.

१६ मार्च, शुक्रवार

आज जे कळलं ते लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

सुचित्रा कॉलेजातून आली. मुलगी लहानपणी इथे आली, त्यामुळे तिचं मराठी निम्मं बंगाली. मी वॉशर बघत बसलो होतो. ती समोर बसून म्हणाली, "बाबा, आईने तुमच्यावर किती दिवस अभिमान केलाय, तुम्ही बघत का नाही?"

मी तिला सुधारलं. अभिमान करत नाहीत, अभिमान वाटतो. आणि 'तुमच्यावर' नाही, 'तुमचा'. तुमचा अभिमान वाटतो. म्हटलं, एवढं साधं वाक्य नीट यायला हवं आता.

तिने कपाळाला हात लावला. मग लहान मुलाला सांगावं तसं सावकाश म्हणाली, "बाबा, बंगालीत अभिमान म्हणजे तो नाही. राग पण नाही, भांडण पण नाही. आपलं माणूस आपल्याला दुखवतं, आणि त्याला ते कळत पण नाही, तेव्हा आपण गप्प होतो ना, ते. मराठीत काय म्हणतात मला येत नाही."

मला येत होतं.  म्हटलं, रुसणं. फुगून बसणं. "फुगून म्हणजे?" तिने विचारलं. मी खिडकीतल्या ग्लासाकडे बोट दाखवलं.

मग तिने मला त्या करंज्यांच्या दिवशीचा माझा विनोद ऐकवला. तोच, शब्दन् शब्द. मुलीच्या तोंडून ऐकताना तो मुळीच विनोदी वाटला नाही. आणि ते उपवास कसले होते, तेही तिनेच सांगितलं. मला फार लाज वाटली. भवतोषबाबू काहीतरी करा म्हणत होते आणि मी त्यांना ब्रेक दाखवत होतो.

रात्री कालिंदीने पानं घेतली. मी तिला भात वाढला. तिने पाहिलं, आणि तो हळूच सुचित्राच्या पानात सरकवला.  रेल्वेत संपावरच्या लोकांशी वाटाघाटी केल्या, पण इथे सुरुवात कुठून करायची ते सुचेना.

१७ मार्च, शनिवार

नाडकर्णीसाहेबांच्या खोलीत गेलो आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं, की साहेब, माफ करा, ती सीट आधीच दिलेली आहे. वाटलं, संपलं, जूनऐवजी एप्रिलमध्येच लांबच्या बिलासपूरची वाट धरावी लागणार. साहेब खुर्चीतून उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. गेला महिनाभर त्यांना झोप नाही म्हणे. जिना चढताना कठड्याबाहेर बघवत नाही त्यांना. चहा मागवला, बिस्किटं मागवली. बदलीबद्दल म्हणाले, ती तर होणारच, नियम आहे. पण खडगपूरपर्यंतच करतो, रविवारी बेहालाला येता येईल.

म्हणजे तो घामसुद्धा मला वाचता आला नव्हता.

२५ मार्च, रविवार

नवे वॉशर बसवले. आज हवा काढायची होती. भवतोषबाबूंना सकाळीच निरोप पाठवला, तर उत्तर आलं की दवाखान्यात रोग्यांची फार गर्दी आहे, बौदीला घेऊन या. रविवारी त्यांचा दवाखाना बंद असतो.

कालिंदीला विचारलं. पायात मोडलेला काटा काढावा तसं हळूच विचारलं, की दोन तास येशील का, तुझ्याशिवाय होणार नाही. ती आली. शेडमध्ये शिरल्यावर आधी पंखावरून हात फिरवला, एका ठिकाणची धूळ पदराने पुसली, आणि आत चढून पेडलांवर पाय ठेवून बसली. मी चाकाशी आडवा झालो. खालून मला तिचा चेहरा दिसत नव्हता. फळ्यांच्या फटीतून पेडलावरचा पाय तेवढा दिसत होता.

"दाब." दाबलं. "धर." मी स्क्रू उघडला, बुडबुडे आले, आवळला. "सोड." सोडलं. एकदाही चूक नाही. वीस वर्षं माझ्या आवाजावर ती चालत आली आहे, तिला काय अवघड. डावीकडचे बुडबुडे संपले. उजवीकडे गेलो. दाब म्हटलं, धर म्हटलं, स्क्रू उघडून पुन्हा आवळला, आणि सोड म्हटलंच नाही.

"झालं का?" तिने वरून विचारलं.

"धरून ठेव. मला बोलायचं आहे."

"आत्ता?"

"तुझा पाय तिथे आहे तोवर तू चहा टाकायला उठणार नाहीस, म्हणून आत्ता. त्या दिवशी माणसांत मी जे बोललो ते फार वाईट बोललो. तुला लागलं आणि मला कळलंही नाही. इन्स्पेक्टरनी तुझे टाके बघून कोणी शिवले म्हणून विचारलं होतं, तेही तुला सांगितलं नाही. माझं चुकलं, कालिंदी."

 पेडलावरचा पाय जागचा हलला नाही.

"माझं वजन मला माहीत आहे," ती म्हणाली. "त्या विनोदाचं एवढं नाही. पण लाकूड आलं त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं, दुसरी सीट माझी ना? तुम्ही 'हं' म्हणालात. दोन हिवाळे मी त्या 'हं'वर टाके घातले."

मला ते आठवत नाही. आत्ता लिहितानाही आठवत नाही. नकाशात डोकं घालून बसलो असेन. तसा बसलो, की मी कशालाही हं म्हणतो. तिथे मातीत पडल्यापडल्या माझे डोळे भरून आले. बरं झालं, ती वर होती.

"सीट तुझीच आहे," मी म्हटलं. "साहेबांना सांगून टाकलं आहे."

"कधी?"

"गेल्या शनिवारी."

"मग आठ दिवस बोलला का नाहीत?"

"तू फुगली होतीस."

वरून एक आवाज आला. मला वाटलं रडते आहे. पण पेडल थरथरत होतं त्यावरून कळलं, की हसते आहे. म्हणाली, "पायाला मुंग्या आल्या. सोडू?"

"सोड."

मग अजून चार वेळा दाब, धर, सोड केलं, आणि पेडल घट्ट झालं, हवं तसं. पाय काढला की चाक मोकळं. ती खाली उतरली आणि पदराने माझ्या कपाळावरचं तेल पुसत म्हणाली, "निघाली का सगळी हवा?" मी म्हटलं, ब्रेकमधली निघाली. ती म्हणाली, "मी तुमच्यातली विचारत होते."

४ एप्रिल, बुधवार. पाडवा

गुढी उभारली. खालून जाणारे बंगाली लोक दर वर्षीप्रमाणे थांबून विचारतात, यावर तांब्या का घातला? श्रीखंड झालं. कालिंदीने दोनदा घेतलं.

ब्रेक रोज तपासतो. घट्ट आहेत. शनिवारी इन्स्पेक्टर.

७ एप्रिल, शनिवार

काल संध्याकाळी पंख काढून ठेल्यावर लादले आणि विमान बेहालाच्या मैदानावर नेलं. मागून भवतोषबाबू सायकलरिक्षात, वाळूची पोती मांडीवर घेऊन. आज चाचणी पूर्ण वजनाची होती. दुसऱ्या सीटवर माणसाइतकं वजन हवं, म्हणून त्यांनी पोती भरून ठेवली होती. मी म्हटलं, पोती लागणार नाहीत.

कालिंदी सुचित्राचे कॅनव्हासचे बूट घालून आणि पदर खोचून आली होती. इन्स्पेक्टरना त्यांच्या कागदावर तिचं वजन लिहायचं होतं. मैदानावर फ्लाइंग क्लबची पोरं, भवतोषबाबू, त्यांची पत्नी, सुचित्रा, सगळे उभे. इन्स्पेक्टर पेन उघडून जरा घुटमळले आणि माझ्याकडे बघायला लागले. मीही घुटमळलो.

"सहासष्ट किलो," कालिंदी खणखणीत म्हणाली. "उपवास करून चौसष्ट झालं होतं. पाडव्याला श्रीखंड केलं."

इन्स्पेक्टरनी लिहून घेतलं. आकडेमोड करून म्हणाले, ठीक, अजून दहाएक किलोची जागा आहे. नाडकर्णीसाहेब बसले असते तर हिशेब कागदाबाहेर गेला असता, हे मला तिथे उभं राहून पहिल्यांदाच सुचलं. त्यांचं वजन विचारायची माझी कधी हिंमतच झाली नव्हती.

आधी जागच्या जागी. दोन्ही पेडलं दाबून इंजिन पूर्ण वेगाने चालवलं. पंखा गरगरतो आहे, मागचं गवत आडवं झालं आहे, भवतोषबाबूंचं धोतर उडतं आहे, आणि विमान तसूभर हलत नाही. मी ओरडलो, "बघ, जागचं हलत नाही!" आणि लगेच जीभ चावली. पण तिनेही तेच ओरडून दाखवलं, आणि आम्ही दोघं इतके हसलो, की माझा पाय सुटायची वेळ आली.

मग धाव. उडायचं नाही, नुसतं पट्टीवरून वेगाने पळायचं आणि इन्स्पेक्टरनी निशाण दाखवलं, की थांबायचं. उडवायचं काम पुढच्या आठवड्यात क्लबचे इन्स्ट्रक्टर करतील, मग तासभराचं उड्डाण झालं की मी, आणि माझ्यानंतर कोणाची पाळी ते ठरलेलंच आहे. तिला बजबज गावापर्यंत नदी वरून बघायची आहे. हे ती तीन वर्षं मनात धरून होती, मला आज पट्टा बांधताना सांगितलं.

पळालो. शेपूट जमिनीवरून उचललं गेलं, चाकं हलकी झाली, आणि क्षणभर मला ब्रेक लावावासाच वाटेना. निशाण दिसलं. मी इंजिन बंद केलं आणि पाय टेकवायच्या आत शेजारून आवाज आला, "दाब." दाबलं. "धर." धरलं. विमान सरळ रेषेत, एकाही बाजूला न ओढता, हळू होत होत थांबलं. पुढे पंधरा-वीस पावलांवर पुकूर. एका म्हशीने मान वळवून आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा रवंथ सुरू केलं.

"सोड," कालिंदी म्हणाली. मी पाय काढले.

पंखा थांबला. सगळं शांत झालं. लांबून इन्स्पेक्टर, भवतोषबाबू आणि सुचित्रा पळत येत होते. भवतोषबाबूंनी दोन्ही हात वर केले होते, म्हणजे पास. मला अभिमान वाटत होता, मराठीतला. मी तिच्याकडे वळून विचारलं, "उतरायचं?"

"हं," ती म्हणाली, आणि पट्टा न सोडता काचेतून पाण्याकडे बघत बसून राहिली.

या 'हं'चा अर्थ मला कळला. मीही बसून राहिलो.